खांद्याची कड

लंबू रंगाऱ्याला लोक लंबू म्हणत ते उगाच नाही. उंची सहा फुटांच्या वर, आणि हात असे की उभ्याउभ्या गुडघा खाजवायचा म्हटला तरी फारसं वाकायला नको. दुसरे रंगारी जिथे शिडी मागायचे तिथे हा लाकडी स्टुलावर उभा राहून छताला रोलर फिरवून मोकळा व्हायचा. भिंत काय, कुणीही रंगवतो, असं तो म्हणायचा. भिंतीवरची चूक कपाटामागे झाकता येते. छतापुढे कपाट कुठून आणणार? माणूस आजारी पडून अंथरुणावर आडवा झाला की त्याच्या डोळ्यांपुढे दिवसभर तेच असतं. तेव्हा छत नीट हवं.

छताचं काम म्हणजे दिवसभर मान मागे आणि हात वर. भल्याभल्यांचे खांदे दुपारपर्यंत भरून यायचे. लंबूचे येत नसत. पन्नाशी जवळ आली तरी संध्याकाळी हातपाय धुऊन तो बायकोला म्हणायचा, ‘‘चल, बाजारातून काही आणायचंय का? पिशवी मी घेतो.’’

लग्नात त्याला सासरकडून काही मिळालं नव्हतं. मिळाला तो एक मेहुणा. बायकोचे आईवडील लवकर गेलेले, त्यामुळे ती नवऱ्याच्या घरी आली ती एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात धाकट्या भावाचं बोट धरून. शेजारपाजारचे हसले. लंबूने मात्र दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत खिडकीखाली एक बाक करून घेतला आणि पोराची झोपायची सोय लावून टाकली. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल दोघं फारसं कधी बोललेही नाहीत, कारण घरात एक पोरगा होताच. शाळेत त्याचं मन लागेना तेव्हा लंबूने त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला, मग पुट्टीची पट्टी, मग ब्रश. आता तो मेहुणा तिशीचा झाला होता, त्याचं लग्न झालं होतं, मागच्या गल्लीत वेगळं बिऱ्हाड होतं. तोंडाने जरा फटकळ, पण कामाला वाघ. ठेकेदार म्हणायचा, ‘‘लंबू, हा तुझा उजवा हात आहे बरं.’’ लंबू म्हणायचा, ‘‘डावाही तोच आहे. मी नुसता उंचीला आहे.’’

एका जुन्या इमारतीचा जिना रंगवायचं काम होतं. चार मजले, आणि जिन्याच्या मधोमध विहिरीसारखी मोकळी पोकळी. तिच्यात नळ्यांची परांची उभी केली होती आणि वरच्या टोकाला फळ्या टाकल्या होत्या. वरच्या छताला रंगाचा दुसरा हात चालू होता. दोघं पाठीला पाठ लावून काम करत होते. मेहुणा बादलीकडे वळला, त्याने पाय टाकला आणि ती फळी मधोमध चिरली. लाकडात आतून गाठ होती आणि वरून वर्षानुवर्षांच्या रंगाच्या शिंतोड्यांनी ती झाकून टाकली होती. कुणाला दोष द्यावा असं तिथे कुणी नव्हतं.

लंबूने विचार वगैरे काही केला नाही. त्याने शेजारच्या फळीवर पोटावर अंग टाकलं, डाव्या हाताचा विळखा उभ्या नळीला घातला आणि उजवा हात खाली फेकला. त्याच्या मुठीत मेहुण्याचं मनगट आलं. मग सगळं वजन एकदम आलं.

त्याला खांद्याच्या आत काहीतरी फाटल्याचं कळलं. आवाज कानांनी ऐकला की हाडांनी, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. ओलं जाड कापड दोन्हीकडून ओढावं तसा तो आवाज होता. हात क्षणभर सांध्यातून सरकला आणि परत बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. खालून मेहुणा ओरडत होता, ‘‘भावोजी, सोडू नका! भावोजी, सोडू नका!’’

त्याने सोडलं नाही. किती वेळ धरून ठेवलं ते पुढे ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाडेकरू आणि चौकीदार धावत वर आले, त्यांनी कठड्यावरून वाकून मेहुण्याचे पाय धरले आणि त्याला आत ओढलं. बादली कधीच खाली गेली होती. तळमजल्यावरच्या फरशीवर पांढऱ्या रंगाचा मोठा डाग पसरला होता आणि त्यात मेहुण्याची एक चप्पल पडली होती.

दोघं जिन्याच्या पायरीवर बसले. मेहुणा आधी रडला, मग हसायला लागला, मग पुन्हा रडला. कुणीतरी पाणी आणून दिलं. लंबू उजव्या हाताने पेला घ्यायला गेला तर हात वर येईना. त्याने डाव्या हाताने घेतला. त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी बायकोने दोघांना समोर बसवून जेवू घातलं. भावाच्या पाठीवरून हात फिरवला, नवऱ्याकडे बघून डोळे पुसले आणि पुन्हा भावाच्या पाठीवरून हात फिरवला. मेहुणा तेव्हा जो भेटेल त्याला सांगत सुटला होता. ‘‘आज हा जो मी तुमच्याशी बोलतोय ना, तो भावोजींच्या मनगटामुळे. दुसरा जन्म आहे हा माझा.’’ चहाच्या टपरीवर सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, स्वतःच्या सासुरवाडीला जाऊन सांगितलं. लंबू शेजारी बसून लाजायचा. खांदा ठणकत होता, पण अंगावर एवढं वजन आल्यावर ठणकणारच, असं त्याने धरलं होतं. चार दिवसांत बरं होईल.

चार दिवसांत बरं झालं नाही.

दुखणं होतं तेही धड दाखवता येत नव्हतं. कुणी विचारलं कुठे दुखतंय, तर त्याला बोट ठेवता यायचं नाही. आत, खोल कुठेतरी. शर्टाच्या बाहीत हात घालताना सांध्यात काहीतरी अडकायचं, कट्‌ असा आवाज व्हायचा आणि मग हात पुढे जायचा. स्वस्थ बसला तर काही नाही. हात वर गेला की हाताचा जीवच जायचा, पाण्यात भिजलेल्या दोरखंडासारखा लोंबायला लागायचा. उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं, एक्स-रे काढून आणायला सांगितला. तो उजेडाला धरून बघत ते म्हणाले, ‘‘हाड अगदी खणखणीत आहे. काही मोडलेलं नाही, सरकलेलं नाही. स्नायू दुखावलाय, दुसरं काही नाही. शेक द्या.’’

लंबूला आनंद झाला. त्याने ती फिल्म घरी आणून बायकोला दाखवली. बायकोने मेहुण्याला दाखवली. आणि इथेच सगळं फिसकटलं. कारण त्या दिवसापासून ज्याला त्याला ठाऊक झालं की लंबूच्या खांद्याला काहीही झालेलं नाही.

त्याने मालीश करणाऱ्याला दाखवलं. त्या पैलवानाने तेल लावून हात मागे असा काही पिरगाळला की लंबूच्या तोंडून किंकाळी फुटली आणि पुढचा आठवडा कंगवासुद्धा उचलता आला नाही. शेजारच्या आजोबांनी आपल्या वाताचं औषध दिलं. ठेकेदाराने आडून सांगितलं, ‘‘मनात भीती बसली असेल रे. एवढ्या उंचीवर तसं झालं की माणसाचे हातपाय गळतात. एकदा चढ, निघून जाईल.’’

लंबू चढला. दोनतीनदा चढला. भीती नव्हतीच. रोलर छताला टेकायचा, तो पुढे ढकलायचा, आणि मधेच हातातली ताकद कुणीतरी नळ बंद करावा तशी जायची. मग मेहुणा म्हणायचा, ‘‘राहू द्या भावोजी, मी करतो.’’ सुरुवातीला तो हे प्रेमाने म्हणायचा. लंबू खाली येऊन दारं, खिडक्या, भिंतीच्या तळाची पट्टी असली कामं करायचा. ठेकेदाराचे फोन हळूहळू मेहुण्याला जायला लागले. मेहुणा रंग ठरवायचा, माणसं ठरवायचा, आणि मग लंबूला सांगायचा, ‘‘भावोजी, उद्या आठ वाजता या.’’

या दोघांत वाईट असं कुणीच काही केलं नव्हतं. पण लंबू काम करता करता थांबून खांदा दाबायचा. सवयच झाली होती. डावा हात आपोआप तिकडे जायचा. आणि दर वेळी मेहुण्याचा चेहरा बदलायचा. तो ब्रश जोरात बादलीच्या काठावर आपटायचा. पूर्वी तो ती जिन्याची गोष्ट सगळ्यांना सांगायचा. आता कुणी काढलीच तर म्हणायचा, ‘‘हो, झालं होतं एकदा तसं,’’ आणि विषय बदलायचा.

वर्ष व्हायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका कचेरीचा मोठा हॉल रंगवायला घेतला होता. खाली नवा गालिचा अंथरलेला, त्यावर प्लास्टिक टाकलं होतं. माणूस कमी होता, म्हणून छत आणि भिंत जिथे मिळतात तिथली रेघ मारायला लंबू शिडीवर चढला. ही रेघ तो चिकटपट्टी न लावता मारायचा, सरळ, श्वास रोखून. त्याने डाव्या हातात डबा धरला, उजवा हात वर नेला. सांध्यात कट्‌ झालं, तो कळवळला आणि डावा हात आपोआप खांद्याकडे गेला. त्यातला डबा खाली पडला. प्लास्टिक जिथे संपत होतं नेमकं तिथे.

ठेकेदार काय काय बोलला ते सांगण्यात अर्थ नाही. मेहुण्याने मान खाली घालून ऐकून घेतलं, रॉकेल आणलं, गुडघ्यांवर बसून गालिचा पुसला. लंबू वाकून मदत करायला गेला तर म्हणाला, ‘‘तुम्ही बसा.’’

काम आटोपून दोघं जिना उतरत होते. लंबू म्हणाला, ‘‘अरे, मुद्दाम का टाकला मी? खांदा एकदम—’’

‘‘खांदा, खांदा, खांदा!’’ मेहुणा वळून उभा राहिला. ‘‘वर्षभर तेच ऐकतोय. एक्स-रेत काही नाही, डॉक्टर म्हणतो काही नाही, आणि तुम्ही माझ्यासमोरच दाबत बसता. ताईसमोर दाबता. माझ्या बायकोसमोर दाबता. मला काय कळत नाही का?’’

‘‘काय कळतं तुला?’’

‘‘की हे माझ्यामुळे झालंय. कळलं! शंभर वेळा कळलं! मग काय करू आता? मी सांगितलं होतं का धरा म्हणून? सोडून द्यायचं होतं!’’

लंबूला आठवलं, याने काय सांगितलं होतं ते. अगदी शब्दाला शब्द आठवलं. कठड्याला डावा हात लावून तो उरलेल्या पायऱ्या उतरला. मेहुणा मागेच उभा राहिला होता.

घरी त्याने बायकोला एवढंच सांगितलं की डबा पडला. बाकीचं तिला भावजयीकडून कळलं. ती भावाकडे गेली, काय बोलली ते तिने सांगितलं नाही, पण परत आल्यावर बराच वेळ ओट्याशी उभी राहून एकच पातेलं घासत होती. नंतर हात पुसत म्हणाली, ‘‘उद्या कामाला जाऊ नका. मोठ्या रुग्णालयात जायचंय.’’

‘‘कशाला? तिथे पुन्हा तोच एक्स-रे काढतील.’’

‘‘काढू देत. तुम्ही खोटं बोलत नाही एवढं मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग? कुणीतरी ते लिहून दिलं पाहिजे.’’

मोठ्या रुग्णालयातल्या लाकडी बाकावर सकाळ गेली. शेवटी ज्या डॉक्टर बाईंपुढे नंबर लागला त्या, त्याला मुलगी असती तर तिच्या वयाच्या म्हणाव्यात एवढ्याच होत्या. त्यांनी एक्स-रेकडे नुसती नजर टाकली आणि बाजूला ठेवला. ‘‘कसं झालं ते सांगा,’’ म्हणाल्या. वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. लंबूने सांगितलं. लोंबणाऱ्या माणसाचं वजन आलं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी त्याला उजवा हात समोर सरळ धरायला लावला, थोडा आत वळवून, अंगठा खाली करून. मग मनगटावर वरून दाब दिला. लंबू ओरडला. ‘‘आता तळहात वर करा.’’ पुन्हा तेवढाच दाब. या वेळी दुखलं, पण फार नाही. बाईंनी मान हलवली. मग सांध्यात औषध टोचून मोठ्या यंत्रात खांद्याचे फोटो काढायला पाठवलं. लंबूला यंत्राच्या बोगद्यात मावताना पंचाईत झाली, पाय बाहेरच राहिले.

पुढच्या भेटीला बाईंनी नवरा-बायको दोघांना समोर बसवलं आणि टेबलावरची चहाची बशी ओढली. तिच्यात कागदाचा बोळा ठेवला.

‘‘खांदा असा असतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दंडाच्या हाडाचं डोकं हा चेंडू, आणि पाठीच्या फऱ्याला, म्हणजे मागच्या पसरट हाडाला, असलेली ही बशी. बशी इतकी उथळ की चेंडू घरंगळून जाईल. म्हणून हात चारी दिशांना फिरतो आणि म्हणूनच तो निसटतोही लवकर. तो निसटू नये म्हणून बशीच्या काठाला सगळीकडून एक मऊ, चिवट कड असते. कूर्चेची. कुकरच्या झाकणाला रबर असतं ना, तसं. आणि दंडाच्या स्नायूची एक दोरी वरच्या बाजूला याच कडेला बांधलेली असते. तुम्ही माणूस धरलात तेव्हा त्या दोरीला हिसका बसला. तिने ही कड काठावरून उपटली. वर, आणि पुढेही थोडी. ती फाटलेली कड सांध्यात मधे मधे येते. तेच तुम्हाला अडकतं.’’

‘‘मग एक्स-रेत का नाही दिसलं?’’ बायकोने विचारलं.

‘‘एक्स-रेत हाड दिसतं. कूर्चा दिसत नाही. तो एक्स-रे बरोबरच होता. तुमचे मिस्टरही बरोबर होते.’’

बायको तिथेच रडायला लागली. लंबूला कळेना काय करावं. त्याने टेबलावरची ती बशी उचलून नीट जागेवर ठेवली.

प्रत्येक फाटलेली कड शिवावी लागते असं नाही, असं बाईंनी सांगितलं. आधी खांद्याभोवतालचे स्नायू बळकट करून बघायचे, म्हणजे ते चेंडूला जागेवर धरतात. म्हणून लंबू तळघरातल्या व्यायामाच्या खोलीत जाऊ लागला. तिथली फिजिओथेरपिस्ट अंगाने बारीक आणि जिभेने तिखट होती. हात सोडून लंबकासारखा हलवायचा, रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून ओढायचा, भिंतीवर बोटांनी खेकड्यासारखं वर चढायचं. भिंतीला नाक लावून उभं राहावं लागे, तेव्हा लंबू म्हणायचा, ‘‘बाई, ही भिंत कुणी रंगवली? खालची पुट्टी घासलेलीच नाही.’’ ती म्हणायची, ‘‘तुम्ही बोटं चढवा. भिंतीची तपासणी हात बरा झाल्यावर.’’

पाठीची ढब सुधारली, ठणका कमी झाला. पण हात वर गेला की कट्‌ व्हायचंच. तेव्हा शस्त्रक्रियेचं ठरलं.

बाईंनी काही लपवलं नाही. पंचविशीतला खेळाडू असता तर वरची कडही शिवून टाकली असती. या वयात ती शिवली तर बहुधा खांदा आखडून बसतो, नाहीतर टाका धरत नाही. म्हणून लहान भोकं पाडून, काडीएवढी दुर्बीण आत घालून पुढची कड हाडाला टाक्यांनी बसवायची, वरचे लोंबणारे धागे साफ करायचे, आणि ती दंडाची दोरी कडेवरून सोडवून खाली दंडाच्या हाडालाच बांधायची. म्हणजे ती पुन्हा कडेला ओढणार नाही.

‘‘मग मी छत रंगवू शकेन?’’ लंबूने विचारलं.

‘‘दुखणं जाईल. झोप लागेल. शर्ट घालता येईल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दिवसभर हात डोक्यावर धरून काम, ते होईल असं मी म्हणणार नाही.’’

बायकोने रिपोर्टचा कागद भावाकडे नेऊन दाखवला होता. त्याने तो वाचला, घडी घालून परत दिला. पंधरवड्यातच त्याने दुसऱ्या शहरात, जहाजं दुरुस्त होतात तिथे रंगकामाची नोकरी धरली आणि बिऱ्हाड हलवलं. निरोप घ्यायला आला तेव्हा लंबू तळघरात व्यायाम करत होता. परत आला तर ओट्यावर मिठाईचा पुडा होता. ‘‘तुम्ही असतानाच ये म्हटलं होतं मी,’’ बायको म्हणाली. ‘‘म्हणाला, गाडी चुकेल.’’ गाडी संध्याकाळची होती.

शस्त्रक्रिया झाली. कितीतरी आठवडे हात पोटाशी झोळीत बांधलेला. त्या दिवसांत लंबू अगदी लहान मूल झाला. बायको त्याला आंघोळ घालायची, भाजी बारीक करून द्यायची, शर्टाची बटणं लावायची. सहा फुटांचा माणूस खाली बाकावर बसायचा आणि ती पुढे उभी राहून बटणं लावायची. तो बाक मेहुण्याचाच होता. ती थट्टा करायची. ‘‘लोक काही अंगावर आलं की हात वर करून मोकळे होतात. तुमची तीही सोय गेली.’’ तो हसायचा.

अशाच एका सकाळी ती वरून तिसरं बटण लावत होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा तिच्या केसांवर आला होता आणि त्याला दिसलं की ते खूप पिकलेत, वर्षभरात. आणि कुठून कोण जाणे, त्याच्या मनात आलं: सोडला असता तर?

विचार आला आणि गेला. एका बटणाहून दुसऱ्या बटणापर्यंतसुद्धा टिकला नाही. पण त्याचा अर्थ लंबूला कळला. ज्याचं बोट धरून ही घरात आली, ज्याच्यासाठी आपण हा बाक केला, त्या पोराला आपण आत्ता, उजेडात, शुद्धीवर असताना, मनातल्या मनात सोडून दिलं. फळीवर विचार करायला वेळ नव्हता म्हणून बरं, असं त्याला वाटलं. वेळ असता तर आपण काय केलं असतं याची खात्री त्याला उरली नाही.

‘‘काय झालं? दुखतंय का?’’ बायकोने विचारलं.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘जरा.’’

हे त्याने कुणालाच कधी सांगितलं नाही. पण मेहुण्यावरचा त्याचा राग मात्र त्या दिवशी मावळला. रागावायला आपण कोण, असं काहीसं झालं.

झोळी सुटली तेव्हा दंड काटकुळा झाला होता. पुन्हा तळघर, पुन्हा लंबक, पुन्हा भिंतीवरचा खेकडा. आधी हात छातीपर्यंत आला, मग खांद्यापर्यंत, मग हनुवटीच्या जरा वर. तिथे तो थांबला. फिजिओथेरपिस्टने भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि शेवटच्या खुणेच्या वर कितीतरी आठवडे नवी खूण झाली नाही. एक दिवस तिने नेहमीसारखं टोचून बोलायचं सोडून दिलं आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली.

‘‘काका, व्यायाम घरी चालू ठेवा. पण इथे आता रोज यायची गरज नाही.’’

‘‘म्हणजे एवढाच येणार.’’

‘‘दुखत नाही ना?’’

‘‘नाही दुखत.’’

‘‘अडकतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग चांगला झाला म्हणायचा,’’ ती म्हणाली, पण त्याच्याकडे न बघता. लंबूने तिचे आभार मानले आणि बाहेर येऊन रुग्णालयाच्या आवाराच्या भिंतीशी उभा राहिला. समोरून लोक जात-येत होते. एक माणूस पोराला खांद्यावर बसवून चालला होता. पोराने दोन्ही हात वर केले होते, उगाच. लंबू घरी न जाता बराच वेळ नुसता चालत राहिला.

रंगाच्या दुकानात त्याला नोकरी मिळाली. गिऱ्हाईक रंगाचा तुकडा घेऊन यायचं, लंबू यंत्रावर बटणं दाबून तो रंग तयार करायचा, डबा यंत्रात हलवून झाकण ठोकून द्यायचा. काम बसल्या जागेचं होतं. वरच्या फळीवरचे डबे दुसरा नोकर काढून द्यायचा, आणि एवढा उंच माणूस बुटक्याला डबा काढायला सांगतो याचं गिऱ्हाइकांना हसू यायचं. लंबूही हसायचा. सुट्टीच्या दिवशी कुणाचं दार, कुणाची जाळी रंगवून द्यायचा. कुणाच्या घरी गेला की त्याची नजर आधी वर जायची. रोलरचे पट्टे दिसले की तो नजर खाली आणायचा.

मेहुण्याचे फोन यायचे, ताईला. आठवड्यातून एकदा, बहुतेक सुट्टीच्या दिवशी दुपारी. लंबूला पुढच्या खोलीत तिचं अर्धं बोलणं ऐकू यायचं. मुलगी झाल्याचं असंच ऐकू आलं. दर वेळी शेवटी ती म्हणायची, ‘‘बरा आहे. हो. सांगते.’’ आणि बाहेर येऊन सांगायची, ‘‘तुमचा हात कसा आहे विचारत होता.’’ एकदा ती म्हणाली, ‘‘मला दोघांचा निरोप्या करून ठेवलंय तुम्ही. थकले मी.’’

पुढच्या वेळी फोन वाजला तेव्हा बायको वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती. लंबूने फोन घेतला. पलीकडे मेहुणा ‘‘ताई’’ म्हणाला.

‘‘ती गच्चीवर आहे,’’ लंबू म्हणाला. ‘‘पोरगी कशी आहे?’’

‘‘दात येतायत. चावते सगळ्यांना.’’

‘‘तुझ्यावर गेली.’’

मेहुणा हसला नाही. त्याने विचारलं, ‘‘हात कसा आहे, भावोजी?’’

‘‘दुखत नाही. जेवढा यायचा तेवढा आलाय.’’

‘‘छताला पोचतो?’’

‘‘नाही,’’ लंबू म्हणाला. ‘‘छताला नाही पोचत.’’

मेहुणा म्हणाला, ‘‘भावोजी, त्या दिवशी जिन्यात मी जे—’’

‘‘तुझ्या खोलीला ओल आहे म्हणत होती तुझी ताई,’’ लंबू मधेच बोलला. ‘‘कुठल्या भिंतीला?’’

‘‘काय?’’

‘‘ओल. कुठल्या भिंतीला आहे?’’

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ‘‘मागच्या,’’ तो म्हणाला. ‘‘पाळण्याच्या बाजूला. दोनदा रंग मारला, दोनदा फुगला.’’

‘‘वरून रंग मारून काय होणार? गाढवा, एवढी वर्षं काय शिकलास? पलीकडे न्हाणीघर आहे का?’’

‘‘आहे.’’

‘‘मग नळ बघ आधी. भिंतीतला नळ गळत असेल. तो नीट केल्याशिवाय भिंतीला हात लावू नकोस. पाळणा तिथून हलव, पोरीला सर्दी होईल.’’

‘‘हलवतो.’’

‘‘आणि खरवडायचं ते विटेपर्यंत. आळस करू नकोस.’’

मेहुणा हो म्हणाला. प्लंबर कुठला मिळेल, किती खरवडू, पुट्टी कुठली घेऊ, असं तो एकामागून एक विचारत गेला. त्यातलं अर्धं त्याला चांगलं ठाऊक होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बायको कपड्यांचा भारा घेऊन दारात आली, नवऱ्याच्या कानाला फोन बघून तिथेच थबकली आणि आवाज न करता बाकावर टेकली. भारा तिने मांडीवरच ठेवला आणि एकेक कपडा काढून घड्या घालायला लागली.